मोटारीचे आकडे: त्यांचा अर्थ आणि त्यांची मर्यादा

वसंतातील व्याख्यानांच्या पंगतीत काव्य, इतिहास आणि तत्त्वचिंतन यांची पाने नेहमीच मांडलेली असतात. त्यांच्या शेजारी मोटारगाडीचे पान पाहून काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आजच्या काळात बियाण्याच्या पिशवीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत प्रत्येक वस्तू अंगावर आकडे लेवूनच आपल्यापुढे येते. अशा काळात आकडा वाचता येणे हे साक्षरतेचेच एक अंग होय. आणि आकड्यांचा साज जिने सर्वांत अधिक चढवला आहे अशी वस्तू म्हणजे मोठी, महागडी, पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी. म्हणून तिचेच उदाहरण आपण घेऊ.

उदाहरण फार दूरचे नको. पुण्याजवळ चाकण येथे मर्सिडीझ-बेंझ कंपनीचा कारखाना २००९ पासून आहे. या कंपनीचा वर्तुळातला तीन टोकांचा तारा आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या ओळखीचा असेल. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने या जर्मन कंपनीशी करार केला, आणि १९६९ पर्यंत तो तारा मालट्रकांच्या नाकावर बसून देशभर हिंडला. त्याच ताऱ्याची जीएलएस ४५० ही सात माणसांची गाडी चाकणला जुळवली जाते. उंच, ऐसपैस आणि चारही चाकांना जोर मिळणाऱ्या अशा गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. या गाडीचे वजन सुमारे अडीच टन. जानेवारी २०२४ मध्ये ती नव्या रूपात आपल्या देशात आली तेव्हा तिची किंमत सव्वा कोटी रुपयांच्या वर होती.

तिच्या माहितीपत्रकात चार आकडे ठळकपणे येतात. इंजिनाची शक्ती ३८१ अश्वशक्ती. टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. उभ्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणारा वेळ ६.१ सेकंद. आणि कमाल वेग ताशी २५० किलोमीटर.

हे आकडे खोटे नाहीत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ते मोजून काढलेले असतात. परंतु प्रत्येक आकडा हे एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न ठाऊक नसता उत्तर तेवढे पाठ केले, म्हणजे शाळेतल्या मुलाप्रमाणे आपलीही फसगत होते. वसमतमध्ये अशी गाडी घेणारे किती, हा प्रश्न गौण आहे. गाडी एकाची असली तरी रस्ता सर्वांचा असतो, आणि आकड्यांची भुरळ तर साध्या मोटारसायकलवाल्या तरुणालाही पडते.

पोते आणि इंजिन

प्रथम टॉर्क घेऊ. टॉर्क म्हणजे पीळ देणारा जोर. चाकाचा घट्ट बसलेला नट सुटेना, की मिस्त्री पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवतो. माणूस तोच आणि त्याची ताकदही तीच, पण दांडा लांबला म्हणून नटाला बसणारा पीळ वाढतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला ५१ किलो वजन टांगले, तर दुसऱ्या टोकाशी ५०० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. म्हणजे आपल्या बाजारातले हळदीचे पन्नास किलोचे एक पोते दांड्याला अडकवले, की सव्वा कोटीच्या गाडीच्या इंजिनाची बरोबरी झाली!

मग पोते आणि इंजिन यांत फरक कोणता? पोते दांड्याला पाव फेरा देऊन खाली लोंबत राहते. इंजिन मात्र तोच पीळ मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या गतीने अखंड देत राहते. पीळ आणि फेऱ्या यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती निघते. अठराव्या शतकात जेम्स वॅटने आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकांना पटवण्यासाठी अश्वशक्तीचे माप रूढ केले. आज मोटारींसाठी वापरले जाणारे दशमान पद्धतीचे माप असे आहे: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. या हिशेबाने ३८१ अश्वशक्ती म्हणजे साडेअठ्ठावीस टन वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याइतकी शक्ती झाली. किलोवॅटमध्ये सांगायचे तर ती २८० भरते.

पीळ आणि शक्ती यांतील भेद ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना चटकन उमगेल. एका विहिरीवर मोठी मोट आहे, पण बैल संथ आहेत. दुसरीवर मोट लहान, पण बैल चपळ आहेत. पहिलीची प्रत्येक खेप भारी, तर दुसरीच्या खेपा अधिक. संध्याकाळी दोन्हींकडे भिजलेली जमीन सारखीच भरू शकते. मोटेचा आकार म्हणजे टॉर्क, खेपांची गती म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या, आणि भिजलेले रान म्हणजे शक्ती.

या गाडीचे एक डिझेल भावंडही आहे. त्याचा टॉर्क ७५० न्यूटन-मीटर, म्हणजे पेट्रोलच्या दीडपट, आणि शक्ती ३६७ अश्वशक्ती. दीडपट पीळ असलेली गाडी दीडपट चपळ असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात डिझेलचाही शून्य ते १०० चा वेळ तोच, ६.१ सेकंद! कारण डिझेलची मोट मोठी असली तरी खेपा कमी आहेत. डिझेल इंजिन आपली कमाल शक्ती मिनिटाला सुमारे ४,००० फेऱ्यांवर देते, तर पेट्रोल इंजिन ६,००० च्या आसपास. मधली गिअरची पेटी हा फरक मिटवून टाकते, आणि चाकापर्यंत दोहोंची शक्ती जवळपास सारखी पोचते. पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो तो याच न्यायाने. तो वेग देतो आणि त्याच्या बदल्यात ओढ घेतो.

येथे आणखी एक खुबी ध्यानात घ्यावी. ३८१ हा आकडा केवळ त्या उंच फेऱ्यांवरचा आहे. इंजिन १,८०० फेऱ्यांवर फिरत असता पूर्ण ५०० न्यूटन-मीटर पीळ धरला तरी हिशेब १२८ अश्वशक्तीच येतो. बाजारपेठेतून गाडी हळूहळू निघाली असता उरलेले घोडे तबेल्यातच उभे असतात.

सहा सेकंदांचा हिशेब

आता ६.१ सेकंद. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. अडीच टन वजनाला हा वेग दिला, की तिच्या अंगी साडेनऊ लाख जूलहून अधिक गतिज ऊर्जा येते. ही ऊर्जा ६.१ सेकंदांत द्यायची तर सरासरी सुमारे २१५ अश्वशक्ती लागते. मग ३८१ पैकी बाकीची कोठे गेली? काही गिअर आणि आस यांच्या घर्षणात, काही चाके व इंजिनाचे फिरते भाग गरगरवण्यात आणि काही हवा कापण्यात खर्च झाली. शिवाय सहाही सेकंद इंजिन आपल्या कमाल फेऱ्यांवर नव्हतेच. अशा रीतीने दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता आले, म्हणजे माहितीपत्रक जाहिरात न राहता अभ्यासाचे पुस्तक होते.

हा वेळ मोजताना रस्ता कोरडा, सपाट आणि मोकळा असतो. इंजिनाच्या शक्तीची मोजणीही ठरावीक हवेसाठी सांगितली जाते, आणि त्यासाठी २५ अंश तापमान प्रमाण धरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते. २५ अंशांच्या मानाने ४२ अंशांच्या हवेच्या तेवढ्याच आकारमानात पाच टक्के वस्तुमान कमी भरते, आणि इंजिनाला तर पेट्रोलइतकीच हवाही लागते. हवा दाबून भरणारा टर्बो ही तूट पुष्कळशी भरून काढतो, परंतु त्यालाही हवा गार करण्यासाठी अधिक कष्ट पडतात.

इंधनाचीही गोष्ट अशीच. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला हा विषय घरचा आहे. इथेनॉलने शेतमालाला गिऱ्हाईक मिळते आणि इंधनाचा ऑक्टेनही वाढतो. मात्र एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा कमी भरते. गुण आणि उणीव दोन्ही एकाच पदार्थाच्या पोटी आहेत, आणि दोन्ही मोकळेपणाने सांगाव्यात हे बरे.

वारा आणि पेट्रोल

कमाल वेगाचा आकडा हा हवेशी केलेल्या झुंजीचा आकडा होय. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो मोडण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. अशा उंच गाडीचा ढोबळ हिशेब मांडला, तर सपाट रस्त्यावर ताशी १०० चा वेग नुसता टिकवून धरण्यास २७ अश्वशक्तीच्या आसपास पुरते. ३८१ घोड्यांच्या रथात २७ घोडे राबतात आणि बाकीचे बसून असतात! तोच वेग २५० वर न्यायचा तर चाकाशी सुमारे ३०० अश्वशक्ती लागते. वेग अडीचपट आणि खर्च अकरापट, असा हा व्यापार आहे. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर घेराचा वेगचाचणी मार्ग खुला झाला. २५० चा आकडा शोभतो तो तशाच ठिकाणी. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तेथेही मोटारींना कमाल १२० ची परवानगी आहे. म्हणजे या गाडीच्या वेगाचा वरचा निम्मा भाग आपल्या कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने वापरताच येत नाही.

पेट्रोलच्या खर्चाचा आकडाही असाच प्रश्न ओळखून वाचावा. लिटरमागे किती किलोमीटर, ही अधिकृत चाचणी गाडी फिरत्या रुळांवर ठेवून घेतली जाते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. चाचणीत गाडीचा वेग कसा वाढवायचा आणि कसा उतरवायचा हे सेकंदासेकंदाला आखून दिलेले असते, आणि भारतीय आखणीत तो ताशी ९० च्या पुढे जात नाही. दोन गाड्यांची तुलना करण्यास ही पद्धत चोख आहे. परंतु आपल्या रस्त्यावर गाडी किती पेट्रोल पिईल, हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

त्याचे उत्तर आपणच काढू. उभी गाडी एकदा १०० पर्यंत नेण्यास चाकाशी साडेनऊ लाख जूल लागतात. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी चतुर्थांश चाकापर्यंत पोचते असे धरले, तर प्रत्येक वेळी सुमारे १२० मिलिलिटर पेट्रोल जळते. म्हणजे आठ-नऊ वेळा गाडी भरधाव सोडली आणि ब्रेक लावून थांबवली, की एक लिटर संपले. ब्रेक दाबताना ती सारी ऊर्जा तापलेल्या चकत्यांतून हवेत उडून जाते. या गाडीत एक छोटी विजेची मोटर आहे. ती थोडी ऊर्जा परत मिळवते आणि निघताना वीस अश्वशक्तीचा हातभारही लावते, पण सारा हिशेब उलटवण्याइतकी ती मोठी नाही. पेट्रोल वेगाने खर्च होते त्याहून अधिक वेग पुन:पुन्हा घालवल्याने खर्च होते, हे मोठ्या आणि छोट्या सर्वच गाड्यांच्या मालकांनी ध्यानी घ्यावे.

न सांगितलेला आकडा

आता ज्या आकड्यासाठी हे सारे विवेचन केले त्याकडे येतो. माहितीपत्रकातील चार ठळक आकड्यांत गाडी थांबण्यास किती अंतर लागते, हा आकडा नाही.

ताशी १०० चा वेग म्हणजे ऊर्जेच्या भाषेत ३९ मीटर उंचीवरून, तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. १२० चा वेग म्हणजे ५७ मीटर उंची. ही उंची आपण सहा सेकंदांत चढतो. उतरावी मात्र त्याहून लवकर लागते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांची गाडी दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला ८ मीटरने कमी करू शकते असे धरा. मग १०० च्या वेगातून थांबण्यास साडेतीन सेकंद आणि ४८ मीटर लागतात. त्या साडेतीन सेकंदांत ब्रेक सरासरी सुमारे ३८० अश्वशक्तीने ऊर्जा शोषतात, म्हणजे ज्या इंजिनाचा एवढा गाजावाजा त्याच्या कमाल शक्तीइतकीच! ब्रेक पहिल्यांदा धरतात त्या क्षणी तर हा आकडा त्याच्या दुप्पट असतो. गाडीतील सर्वांत बलवान यंत्र इंजिन नसून ब्रेक आहे, आणि ते बिचारे बिनबोभाट राबते.

पण ब्रेकही अखेर परावलंबीच. गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरांनी, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो पसरलेल्या पंजाएवढ्या जागेत. सारी पकड तेवढ्यावर. पकड वजनाच्या प्रमाणात वाढते आणि थांबवायचे वस्तुमानही वजनाच्याच प्रमाणात वाढते. म्हणून ३८१ अश्वशक्तीची अडीच टनांची गाडी आणि साठ अश्वशक्तीची छोटी गाडी, दोघींच्या टायरांची पकड सारखी असेल तर, सारख्याच अंतरात थांबतात. इंजिनाचे घोडे येथे कामास येत नाहीत.

शिवाय धोका डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातोच. तेवढ्यात १०० च्या वेगाची गाडी २८ मीटर पुढे सरकते. म्हणजे एकूण ७६ मीटर झाले. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो. त्यावर पकड निम्मी झाली तर हेच अंतर १२४ मीटर होते.

आता गळीत हंगामातील एक रात्र डोळ्यांपुढे आणा. वसमत-नांदेड किंवा वसमत-परभणी रस्त्यावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी आहे. मागे लाल दिवा नाही, तांबडे फडके नाही. समोरून वाहन येत असल्यामुळे आपण दिवे खाली केले आहेत, आणि त्या उजेडात ट्रॉली दिसली तेव्हा ती ६० मीटरांवर आहे. आपला वेग ताशी ८० असेल तर एका सेकंदाच्या विलंबासह गाडी ५३ मीटरांत थांबते. ट्रॉली सात मीटर पुढे राहते. आपण घाम पुसतो आणि घरी जातो. वेग १०० असेल तर? २८ मीटर विलंबात गेले आणि उरले ३२. तेवढ्यात वेग सारा उतरत नाही, आणि गाडी ताशी सुमारे ५८ किलोमीटरच्या वेगाने उसाच्या मोळ्यांवर आदळते. वेगात फरक होता अवघा २० चा. धडकेत फरक पडला शून्य आणि ५८ असा. आणि या २० ने मिळणार होते काय? वसमत ते नांदेड हे सुमारे ४० किलोमीटरचे अंतर ८० च्या वेगाने अर्ध्या तासात तुटते आणि १०० च्या वेगाने चोवीस मिनिटांत. सहा मिनिटे वाचणार होती, तीही सारा रस्ता मोकळा मिळाला तर.

भारी गाडीचा धोका येथे एका वेगळ्या रीतीने वाढतो. छोट्या गाडीत १०० चा वेग कानाला ऐकू येतो आणि हाताला जाणवतो, कारण इंजिन ओरडते आणि पत्रा थरथरतो. मोठ्या गाडीत तो मखमलीवरून येतो. आत बसलेल्याला साठ आणि शंभर यांतील भेद कळत नाही, पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला तो कळतो. सायकलवाल्याला, बैलगाडीला आणि मोटारसायकलवरील कुटुंबालाही कळतो. अडीच टनांच्या वस्तूशी गाठ पडल्यावर त्यांच्या बाजूने कोणतेही गणित उभे राहत नाही.

एवढे बोलून मोठ्या गाडीवर सरसकट दोष ठेवणे न्यायाचे होणार नाही. दुपदरी रस्त्यावर संथ मालट्रक ओलांडायचा असेल तर जी गाडी लवकर वेग घेते ती उलट्या बाजूस कमी वेळ राहते, आणि तेवढ्यापुरता तिच्या शक्तीचा खरा उपयोग आहे. त्यासाठी शून्य ते १०० पेक्षा ६० ते १०० चा वेळ पाहणे अधिक शहाणपणाचे. चाके अडकू न देणारे ब्रेक, धोका ओळखून आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा आणि प्रवाशांना वाचवणाऱ्या हवेच्या पिशव्या ही विज्ञानाची मोठी देणगी आहे. ही यंत्रणा माणसाचा तो हुकलेला एक सेकंद पुष्कळसा वाचवू शकेल. टायर आणि डांबर यांच्यामधली पकड मात्र तिलाही वाढवता येत नाही.

म्हणून कोणताही आकडा समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. तू कोणत्या परिस्थितीत मोजला गेलास? तू किती वेळ आणि कोणत्या क्षणापुरता खरा आहेस? आणि तुझ्या शेजारी बसायला हवा होता असा कोणता आकडा येथे आलेला नाही? बियाण्याच्या पिशवीला, कर्जाच्या व्याजाला आणि निवडणुकीतील आश्वासनाला हेच प्रश्न लागू पडतात. गाडीच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण काढलेच आहे. गाडी घेताना तिला वेग घेण्यास किती सेकंद लागतात हे विचारावे. रस्त्यावर आल्यावर मात्र, समोर जेवढे दिसते तेवढ्यात आपल्याला थांबता येईल ना, हे मनाशी पुन:पुन्हा ताडून पाहावे. आणि ज्यांच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर उभ्या राहतात त्यांनी मागे एक लाल दिवा किंवा प्रकाशात चमकणारी पट्टी अवश्य लावावी. तिला फार खर्च येत नाही, पण ६० मीटरांवर दिसणारी ट्रॉली तिच्यामुळे दोनशे मीटरांवरून दिसू लागते, आणि मग वरच्या हिशेबातला ५८ हा आकडा पुसला जातो.